शील मोडतं म्हणजे काय? 'हाकाइ' वाचताना

शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाइ' ही कादंबरी (१९०६) एका बौद्ध मंदिरात सुरू होते. नागानो प्रांतातलं इइयामा हे बर्फाचं गाव. तिथल्या प्राथमिक शाळेतला चोविशीतला मास्तर, सेगावा उशिमात्सु, रेंगे-जी नावाच्या मंदिरात भाड्याची खोली बघायला आलाय. आधीची जागा त्याला तातडीने सोडायचीय. तिथे ओहिनाता नावाचा एक श्रीमंत माणूस उतरला होता, इस्पितळात उपचार घ्यायला आलेला. तो 'एता' म्हणजे अस्पृश्य जातीचा आहे हे कळल्यावर बाकीच्या भाडेकरूंनी गोंधळ घातला आणि त्याला हाकलून लावलं. उशिमात्सुला ते बघवत नाही. कारण तोही त्याच जातीचा आहे आणि गावात हे कुणालाच माहीत नाही.

या कादंबरीबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात ती जपानी वास्तववादाची सुरुवात कशी, रूसो आणि दस्तयेव्हस्कीचा प्रभाव किती, असे मुद्दे असतात. ते बरोबरच आहेत. पण मी ती दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझं लक्ष त्या मंदिरावर अडकलं. जातीपासून पळणारा माणूस बुद्धाच्या घरी येऊन राहतो आणि शेवटी तिथून रिकाम्या हाताने जातो. हे का होतं, यावर मला लिहायचंय.

आधी शीर्षक. 'काइ' म्हणजे शील. पंचशीलातलं जे शील, तेच चिनी चित्रलिपीतून जपानला जाऊन 'काइ' झालं. 'हा' म्हणजे मोडणं. म्हणजे 'हाकाइ'चा शब्दशः अर्थ शीलभंग. (मराठीत हा शब्द वापरायची सोय उरलेली नाही. वर्तमानपत्रांनी त्याचं काय केलंय ते आपल्याला माहीत आहे.) कादंबरीतलं शील कोणतं? तर उशिमात्सुच्या बापाने घातलेली शपथ: काहीही होवो, कुणीही भेटो, आपला जन्म कुठला ते सांगायचं नाही. जो शब्द हिंसा करणार नाही, खोटं बोलणार नाही यासाठी होता, तो इथे आयुष्यभर खोटं बोलण्याच्या आज्ञेसाठी आलाय. तोसोननी हे मुद्दाम केलं की सहज झालं, यात मला फार रस नाही. त्या शब्दाचं एवढं अंतर चालून येणं जास्त महत्त्वाचं आहे.

बौद्ध धर्म जपानमध्ये कसा रुजला याची एक तयार गोष्ट आपल्याकडे फिरत असते. क्योतोला किंवा नाराला जाऊन आलेला प्रत्येक मराठी माणूस ती सांगतो. आपली सरस्वती तिकडे बेन्झाइतेन झाली. कुबेराचा बिशामोन्तेन झाला. महाकालाचा दाइकोकुतेन झाला आणि तांदळाच्या पोत्यांवर हसत बसला. जपानी मुळाक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून आला. नाराच्या तोदाइ-जीतल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे ७५२ साली उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने. यातलं काहीही खोटं नाही. आम्ही पॉडकास्टमध्येही हे सगळं कौतुकाने सांगितलंय, त्यामुळे ही तक्रार माझ्या स्वतःबद्दलही आहे. बौद्ध धर्म 'लवचीक' आहे, जिथे जातो तिथला होतो, असं म्हणून आपण पुढे जातो. पण जिथला होतो म्हणजे तिथल्या कुणाचा होतो, हे विचारायचं राहून जातं. आणि त्या बोटींतून सरस्वतीबरोबर आणखी कोण गेलं, तेही.

बरोबर 'चांडाल' गेला.

सूत्रांच्या चिनी भाषांतरांत 'चांडाल' हा शब्द भाषांतर न करता उच्चारानेच लिहिला गेला आणि जपानमध्ये त्याचा 'सेन्दारा' झाला. अमिताभ बुद्धावर श्रद्धा ठेवणाऱ्या जोदो शिन्शू पंथाची तीन मुख्य सूत्रं आहेत. त्यांतल्या एकात अजातशत्रू आपल्या आईला मारायला तलवार उपसतो, तेव्हा जीवक आणि दुसरा एक मंत्री त्याला अडवतात. का? तर आईला मारणं हे चांडालाचं काम आहे. हा जीवक म्हणजे आपल्याला माहीत असलेला, बुद्धाचा वैद्य. करुणेच्या ग्रंथात, एका जीव वाचवणाऱ्या माणसाच्या तोंडी, सहज आलेली शिवी. ती चीन ओलांडून जपानला पोचली. तिथे कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे लोक होतेच, आणि रक्त, मृत्यू यांच्या विटाळाची स्थानिक कल्पनाही होती. तेराव्या शतकातल्या 'चिरिबुकुरो' नावाच्या कोशवजा ग्रंथात 'एता' कोण हे समजावताना भारतातल्या सेन्दाराचा दाखला दिलाय. म्हणजे तिथल्या भेदभावाला आपल्याकडून शास्त्राधार गेला. जपानमधली अस्पृश्यता भारतातून गेली असं मी म्हणत नाही, तिची मुळं तिथलीच आहेत. पण तिला शब्द मिळाला तो संस्कृत, आणि मिळाला तो धर्मग्रंथातून.

त्याच शतकातला निचिरेन कोळ्यांच्या वस्तीत जन्मला होता. त्याने एका पत्रात स्वतःला सेन्दाराच्या घरचा म्हणवून घेतलंय. तेव्हा शिवी उलटवायची शक्यता तिथेही होती. पण पंथ मोठे झाले की संस्थापकाचं हे असलं वाक्य नम्रतेचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं आणि विषय संपतो.

आता रुजण्याबद्दल. शाळेच्या पुस्तकात सहाव्या शतकातला कोरियाचा राजा आणि त्याने पाठवलेली मूर्ती असते. ते दरबाराचं झालं. घराघरांत बौद्ध धर्म शिरला तो मयताच्या दारातून, आणि कायमचा बसला तो सतराव्या शतकात सरकारी हुकमाने. १६३७-३८च्या शिमाबारा बंडानंतर तोकुगावा राजवटीला ख्रिस्ती धर्माची धास्ती बसली. मग प्रत्येक कुटुंबाने कुठल्यातरी मंदिराशी नाव जोडायचं आणि हे लोक ख्रिस्ती नाहीत असा दाखला मंदिराने द्यायचा, अशी पद्धत देशभर पक्की झाली. जोडलेल्या कुटुंबाला 'दांका' म्हणतात. कुटुंबाची नोंद मंदिरात, अंत्यविधी मंदिरात, थडगं मंदिराच्या आवारात, पुढची वर्षानुवर्षांची श्राद्धंही तिथेच. सातव्या दिवसापासून एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत, मग वर्षश्राद्ध, तिसरं, सातवं, तेरावं, काही घरांत तेहतिसाव्या वर्षापर्यंत. भटजी, तलाठी आणि स्मशान एकाच छपराखाली आणलं तर काय होईल, तसं काहीसं. नोंदणीची सक्ती मेइजी काळात गेली, थडगी राहिली. १८७२ साली सरकारने भिक्खूंना मांस खायला, लग्न करायला, केस वाढवायला मोकळीक दिली आणि मंदिरं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. जोदो शिन्शूत हे त्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून होतं, संस्थापक शिनरान स्वतः विवाहित होता. 'हाकाइ'तलं रेंगे-जी याच पंथाचं. तिथे पुजारी आहे, त्याची बायको आहे, ओशिहो नावाची दत्तक मुलगी आहे.

या अंत्यविधीतच ती दुसरी 'काइ' येते. मेलेल्या माणसाला भिक्खू एक नवं नाव देतो, 'काइम्यो', म्हणजे शीलनाम. मुळात ते संघात प्रवेश करणाऱ्याला, शील घेणाऱ्याला मिळायचं. जपानमध्ये ते मेल्यावर मिळू लागलं. म्हणजे जिवंतपणी न घेतलेलं शील मृत्यूनंतर बहाल होतं, वर दक्षिणेप्रमाणे त्याच्या पायऱ्याही असतात. (जोदो शिन्शूत शील घ्यायची पद्धत नाही, म्हणून तिथे त्याला 'होम्यो', धर्मनाम, म्हणतात.) हे नाव थडग्यावर कोरलं जातं आणि मंदिराच्या मृत्यूनोंदवहीत लिहिलं जातं.

अस्पृश्य जातीच्या मृतांना दिलेल्या कित्येक नावांत भिक्खूंनी अशी चित्राक्षरं घातली की पुढच्या माणसाला जात कळावी. 'पशू' या अर्थाचं अक्षर, 'हीन' या अर्थाचं, 'कातडं' या अर्थाचं, 'चाकर' या अर्थाचं. कधी अक्षर जरा वेडंवाकडं मोडून, म्हणजे माहीत असलेल्यालाच वाचता येईल असं. घरच्यांना बहुतेकदा वाचता येत नसे. ते त्याच दगडापुढे उदबत्ती लावत, हात जोडत. पिढ्यान्‌पिढ्या.

मला यापेक्षा जास्त पूर्ण 'रुजणं' सांगता येणार नाही. एका धर्माने एका समाजातली उतरंड इतकी आपलीशी केली की शील हा शब्द ज्या नावात आहे त्या नावातच ती कोरली. हे उघड्यावर आलं तेही आपणहून नाही. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला झालेल्या धर्म आणि शांतता या विषयावरच्या जागतिक परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका अगदी वरिष्ठ पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असं सांगितलं. बुराकु मुक्ती संघटनेने ते धरून ठेवलं, जाब विचारला. मग पंथाने माफी मागितली, शोध घेतला आणि आपल्याच मंदिरांत ही नावं सापडली. थडगी आणि नोंदी दुरुस्त करायचं काम त्यानंतर सुरू झालं. मृत्यूनोंदवह्या बाहेरच्यांना दाखवणं बंद झालं, कारण लग्न जमवताना, नोकरी देताना खाजगी गुप्तहेर त्या चाळून माणसाचं मूळ शोधत. परदेशात एखाद्या झेन केंद्रात शांत बसून आलेल्या मित्रांना मी हे सांगते तेव्हा ते जरा दुखावतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत गादी आणि घंटा आली, नोंदवही आली नाही.

आता पुन्हा कादंबरीकडे. उशिमात्सु रेंगे-जीत राहतो तेव्हा वाचक म्हणून आपण वाट बघतो की इथे काहीतरी घडेल. शिनरानची शिकवणच अशी की जो स्वतःला सुधारू शकत नाही, ज्याला पापी म्हणतात, त्याच्यासाठीच अमिताभाची प्रतिज्ञा आहे. शिकारी आणि फेरीवाले यांच्या रांगेत त्याने 'आपण' म्हणून स्वतःला बसवलं. जपानमधल्या अस्पृश्यांपैकी बहुसंख्य या पंथात होते ते उगाच नाही. (त्यांची मंदिरं मात्र पंथाने वेगळी ठेवली होती.) तर मंदिर आहे, पंथ तोच आहे, आणि आतून कुरतडला जाणारा तरुण त्याच छपराखाली झोपतोय. तोसोन काय करतात? पुजाऱ्याला दत्तक मुलीवर वाईट नजर ठेवणारा दाखवतात. पुजाऱ्याची बायको रडते. उशिमात्सुला कुणी काही विचारत नाही, तोही कुणाला काही विचारत नाही. मंदिर त्याला खोली देतं. एवढंच.

सुरुवातीला मला ही लेखकाची उणीव वाटली. तोसोन तरुणपणी ख्रिस्ती झाले होते, १८८८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे कादंबरीचा कळस ख्रिस्ती पद्धतीच्या कबुलीजबाबात होतो. उशिमात्सुचा आदर्श, आपली जात उघड सांगणारा लेखक इनोको रेन्तारो, याचा राजकीय गुंडांच्या हातून खून होतो. आणि मग उशिमात्सु वर्गात मुलांसमोर उभा राहतो, आपण कोण आहोत ते सांगतो, जमिनीवर गुडघे टेकतो आणि क्षमा मागतो. कशाची क्षमा? लपवल्याची, असं वरवर उत्तर आहे. पण त्या वाकण्यात जन्मल्याची क्षमाही आहे, आणि ते वाचताना आजही राग येतो. पुढे बुराकु चळवळीतूनही कादंबरीवर हीच टीका झाली. ती रास्त आहे.

पण आता मला वाटतं की मंदिराबद्दल तोसोन अचूक होते. १९०६ सालचं मंदिर उशिमात्सुला काय देऊ शकलं असतं? त्याच्याकडे शब्दच नव्हते. 'शील' बापाच्या शपथेत अडकलेलं, 'चांडाल' सूत्रात तसाच, आणि करुणा श्राद्धाच्या वेळापत्रकात वाटून दिलेली. शब्द यायला अजून सोळा वर्षं होती. १९२२च्या मार्चमध्ये क्योतोत सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली. तिचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांतला मुख्य माणूस, साइको मान्किची, स्वतः जोदो शिन्शूच्या मंदिरातला मुलगा. त्या जाहीरनाम्यात क्षमा नाही. एता असण्याचा अभिमान बाळगायची वेळ आलीय, असा त्याचा सूर आहे. या लोकांनी पहिला जाब विचारला तो आपल्याच पंथाच्या मुख्य मठांना, आणि त्यांना देणग्या द्यायचं थांबवा असं लोकांना सांगितलं. म्हणजे धर्म पुन्हा जिवंत होण्याची एक शक्यता मंदिरातूनच आली, पण मंदिराच्या पैशावर बोट ठेवून आली.

मराठी वाचकाला इथे बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवणार. संग्रह १९६३चा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, परगावी राहायला जागा मिळत नाही म्हणून जात लपवतो, पकडला जातो, मार खातो. गोष्टीचा सांगाडा 'हाकाइ'चाच. पण बागुलांचा नायक गुडघे टेकत नाही. मार देणाऱ्यांपलीकडे बघून तो मनूला जबाबदार धरतो. दोन्ही पुस्तकांमध्ये सत्तावन्न वर्षं आहेत, दोन देश आहेत, पण मला वाटतं खरा फरक १४ ऑक्टोबर १९५६चा आहे. बागुल बौद्ध साहित्य लिहीत होते असं नाही, पण ते ज्या लोकांसाठी लिहीत होते त्यांनी नुकतंच एका मैदानात उभं राहून, मोठ्याने, एकत्र, जिवंतपणी शील घेतलं होतं. काइम्योच्या बरोबर उलट.

बाबासाहेबांनी बौद्ध धर्म महाराष्ट्रात आणला तेव्हा 'जिथला होतो' ही सवय त्यांनी ओळखली होती आणि तिला मुद्दाम अटकाव केला. बावीस प्रतिज्ञा मी तशा वाचते. बाकी देशांत बौद्ध धर्माने स्थानिक देव सामावून घेतले, इथे प्रतिज्ञांनी देवांची नावं घेऊन त्यांना बाहेर ठेवलं. जपानमध्ये तो श्राद्धाच्या खांद्यावर बसून घरात शिरला, इथे श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही अशी स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात ते सरळ विचारतात की म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा पटते का, चार आर्यसत्यं मूळची की नंतरची. यावर आजही अभ्यासकांच्या चहाच्या वेळात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: इंटरेस्टिंग आहे, पण हा खरा बौद्ध धर्म नव्हे, हे राजकारण. हेच लोक शिनरानने ब्रह्मचर्य सोडलं त्याला क्रांतिकारी पुनर्व्याख्या म्हणतात आणि सरकारी हुकमाने लग्न करणाऱ्या भिक्खूंना जपानी संस्कृती म्हणतात. बदल करायचा हक्क राजाला आहे, शोगुनला आहे, संताला आहे. नागपूरच्या मैदानातल्या माणसाने केला की मात्र प्रमाणपत्र मागितलं जातं. गंमत अशी की ओकायामात जन्मलेले सुरेई ससाई १९६०च्या दशकात नागपूरला आले, आणि या धम्माला नाकं मुरडण्याऐवजी त्याचेच होऊन राहिले, पुढे भारतीय नागरिकही झाले. ज्यांच्या देशात बौद्ध धर्माला चौदाशे वर्षं झालीत त्यांना तो नागपुरात ओळखू आला.

आता थोडं आपल्याच बाजूला टोचणारं. मृत्यू इथेही चुकला नाही. दीक्षेला आठ आठवडे होत नाहीत तोच बाबासाहेब गेले, आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेजवळ भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या हजारोंना दीक्षा दिली. महाराष्ट्रातला धम्मही असा एका अंत्ययात्रेत पसरला. नंतर घरोघरी प्रश्न आला की माणूस गेल्यावर करायचं काय. दहावं-तेरावं तर सोडलंय. मग जलदान विधी, पुण्यानुमोदन आले. बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, पाणी ओततात, गेलेल्याबद्दल चार माणसं बोलतात, जेवण होतं. पत्रिकेत तारीख बघितली तर कधीकधी ती जुन्या तेराव्याच्या आसपासच पडते. मला यात ढोंग दिसत नाही. शोकाला तारीख लागते. मात्र नजर ठेवायची ती तारखेवर नाही, नावावर. जपानची गोष्ट वाचून मला एवढं कळलंय की विधी परत येतो तेव्हा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते विधी करणारा मृताच्या नावात काहीतरी लिहायला लागतो तेव्हा.

'हाकाइ'च्या शेवटी उशिमात्सु टेक्सासला जायला निघतो. ज्याला खोलीतून हाकललं होतं तो ओहिनाता तिकडे शेती करायचं ठरवतोय, त्याच्याबरोबर. १९०६च्या जपानी वाचकाला टेक्सास म्हणजे जिथे कुणी मूळ विचारत नाही अशी जागा. तुमच्यातले काहीजण हे टेक्सासमध्येच बसून वाचत असाल. मंडळाच्या गणपतीत आडनाव ऐकून मग 'मूळचे कुठले?' असा दुसरा प्रश्न येतो, तो तुम्हाला माहीत आहे. २०२३च्या फेब्रुवारीत सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर होऊनही गव्हर्नरने ते परत पाठवलं. उशिमात्सुला यातलं काही माहीत नाही. शाळेची मुलं त्याला निरोप द्यायला आलीत. बर्फ पडलाय, आणि त्याची घसरगाडी निघालीय.